वडिलांनी मेंढी चोरली, तर मुलाने सांगावे का? (प्राचीन चीनमधील विचारपंथांची ओळख)



गेल्या महिन्यात आपल्या वर्गाबाहेर व्हॉइड डेकमध्ये चेंडू लागून शेजारच्या आजींची कुंडी फुटली, हे तुम्हांला आठवत असेल. आम्ही घाईघाईने एका मुलाला रागावलो. दोन आठवड्यांनी कळले की कुंडी दुसऱ्यानेच फोडली होती आणि त्याच्या धाकट्या भावाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. "दादाचं नाव कसं सांगणार?" एवढेच तो म्हणाला. ज्याला उगाच बोलणी बसली, त्याची आम्ही सर्वांसमोर माफी मागितली. पण धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पटकन देता आले नाही.

हाच प्रश्न सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये विचारला गेला होता. सेंगकांगमध्ये आपले बरेचसे शेजारी चिनी वंशाचे आहेत. त्यांच्या पूर्वजांनी या प्रश्नाचा कसा विचार केला, ते आज पाहू.

तो काळ

चौ घराण्याच्या राजांची सत्ता दुबळी झाली आणि चीनमधील लहानमोठी राज्ये आपापसांत लढू लागली. इ. स. पू. ४७५ ते २२१ या काळाला तर 'लढणाऱ्या राज्यांचा काळ' असेच नाव आहे. माणसांनी एकत्र नांदावे कसे, याचे उत्तर घेऊन विद्वान या दरबारातून त्या दरबारात फिरत. अशा विचारवंतांच्या गर्दीला चिनी लोक 'शंभर पंथ' म्हणतात. शंभर म्हणजे मोजून शंभर नव्हेत. आई "शंभरदा सांगितलं" म्हणते, त्यातलेच हे शंभर! पुढे स्सु-मा थान नावाच्या विद्वानाने त्यांतले सहा मुख्य पंथ सांगितले. आपलीही दर्शने सहाच, हे लक्षात ठेवायला सोपे आहे.

१. कन्फ्यूशिअसचा पंथ

कन्फ्यूशिअस (इ. स. पू. ५५१–४७९) हे लू राज्यातले शिक्षक. चिनी मित्रमैत्रिणींना त्यांचे मूळ नाव विचारा व उच्चार शिकून घ्या. एक सरदार त्यांना अभिमानाने म्हणाला, आमच्याकडे एक मुलगा इतका सरळ आहे की वडिलांनी मेंढी चोरल्याची साक्ष त्याने स्वतःच दिली. कन्फ्यूशिअस म्हणाले, आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे. तिथे बाप मुलाला आणि मुलगा बापाला सांभाळून घेतो.

चोरी चांगली, असे त्यांना म्हणायचे नव्हते. आईवडील चुकले तर मुलाने नम्रपणे त्यांना तसे सांगावे, असेही त्यांनी शिकवले. माणूस प्रेम आणि कर्तव्य प्रथम घरात शिकतो. घर मोडले तर राज्यही टिकत नाही, हे त्यांच्या विचाराचे मूळ. पुंडलिकाची गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्याला हे पटकन समजते.

२. मो-त्सेचा पंथ

मो-त्से कन्फ्यूशिअसनंतरचे. आपल्या घरावर जेवढे प्रेम, तेवढेच परक्याच्या घरावर करा, असे ते सांगत. एक बलाढ्य राज्य लहानशा सुंग राज्यावर चढाई करणार हे कळताच ते दहा दिवस नि दहा रात्री चालत तिथे पोचले. कमरेचा पट्टा काढून त्याचा तट मांडला आणि हल्ल्याची प्रत्येक युक्ती त्या खेळात हाणून पाडली. ती लढाई टळली, अशी कथा आहे.

या पंथाच्या फू-थुन नावाच्या प्रमुखाच्या एकुलत्या एका मुलाने खून केला. राजाने म्हाताऱ्या बापाकडे पाहून मुलाला माफ केले. पण फू-थुनने ती माफी नाकारली, कारण त्यांच्या पंथाचा नियम सर्वांना सारखा होता. खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे इथे आठवतात. आम्हांला वाटते, मेंढीची गोष्ट ऐकून मो-त्सेच्या शिष्याने विचारले असते: ज्याची मेंढी गेली, त्याचे काय?

३. ताओ पंथ

ताओ म्हणजे मार्ग. लाओ-त्से आणि च्वांग-त्से ही यातली मोठी नावे. त्यांच्या मते निसर्गाच्या ओघाने, ओढाताण न करता जगावे. घरात मातृपितृभक्तीचे धडे द्यावे लागतात, तेव्हा घरातला जिव्हाळा आधीच आटलेला असतो, असे लाओ-त्सेच्या नावावरचा ग्रंथ सुचवतो. पालकहो, हे वाचून आम्हीही जरा विचारात पडलो!

४. कायदा पंथ

शांग यांग आणि हान-फेई यांचा भरवसा माणसाच्या चांगुलपणावर नव्हता. कायदा स्पष्ट असावा, बक्षीस आणि शिक्षा ठरलेली असावी, असे त्यांचे म्हणणे. शांग यांगने छिन राज्यात पाच-पाच, दहा-दहा कुटुंबांचे गट केले. गटातल्या कोणाचा गुन्हा लपवला, तर जबर शिक्षा. याच छिन राज्याने इ. स. पू. २२१ मध्ये सारा चीन एक केला. पण अवघ्या पंधरा वर्षांत ते साम्राज्य कोसळले.

५ व ६. उरलेले दोन

यिन-यांग पंथ ऊनसावलीसारख्या जोड्यांतून सृष्टी समजून घेई. 'नाम' पंथाचे लोक शब्दांचा कीस काढीत. पांढरा घोडा हा घोडा नव्हे, असा वाद त्यांतला कुंग-सुन लुंग घालत असे. घरी करून पाहा!

पुढे काय झाले?

छिननंतरच्या हान घराण्याने कायदा ठेवला, पण मान कन्फ्यूशिअसला दिला. इ. स. पू. ६६ मध्ये सम्राटाने फर्मान काढले की आईवडिलांचा गुन्हा लपवणाऱ्या मुलाला शिक्षा करू नये. म्हणजे मेंढीच्या गोष्टीतल्या मुलाला गप्प बसण्याची मुभा मिळाली.

आपल्या सिंगापूरमध्येही हे दोन पंथ भेटतात. १९८४ पासून काही वर्षे इथल्या माध्यमिक शाळांत कन्फ्यूशिअसची नीती हा एक ऐच्छिक विषय होता. १९९५ साली तर वृद्ध आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागता येईल असा कायदा झाला. भावना कन्फ्यूशिअसची, हत्यार कायदा पंथाचे! भारतातही २००७ साली असा कायदा झाला. गावाकडे आजी-आजोबा असलेल्या आपल्या घरांत यावर बोलणे व्हायला हवे.

आता आपल्या कुंडीकडे येऊ. धाकट्याने दादाला सांभाळले, यात आम्हांला वाईट दिसत नाही. पण त्याच्या गप्प राहण्याने तिसऱ्याच मुलाला बोलणी बसली. निदान दादाला एकांतात "तू जाऊन सांग" असे त्याने म्हणायला हवे होते, असे आम्हांला वाटते. वर्गातल्या काहींना हे पटलेले नाही. त्यांनी जरूर लिहावे.

शब्दार्थ
पंथ – एका विचाराने चालणाऱ्यांचा गट
साक्ष – पाहिलेले खरे सांगणे
पोटगी – उदरनिर्वाहासाठी द्यायची रक्कम
कीस काढणे – फार बारकाईने वाद घालणे

स्वाध्याय
१. मेंढीच्या मालकाच्या तोंडी पाच वाक्ये लिहा.
२. तुम्ही धाकटा भाऊ असता तर काय केले असते? कारणासह दहा ओळी लिहा.
३. पालकांसाठी: हाच प्रश्न आजी-आजोबांना फोनवर विचारा आणि त्यांचे उत्तर मुलांकडून लिहून घ्या.