मनाचे दुखणे आणि आपली वस्ती

ताप आला की आपण दवाखान्यात जातो. पण झोप उडाली, माणूस आठ-आठ दिवस कोणाशी बोलेना, की "बाहेरचे झाले", "डोक्यावर परिणाम झाला" असे म्हणून दार लावून घेतो. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे, डॉक्टर नव्हे. तरीही या विषयावर स्मरणिकेत चार शब्द यावेत असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. घर पडते तसे मनही पडते, हे सरकारदरबारी मान्य झाले.

त्याआधी पंधरा वर्षे, १९७८ साली, विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. तेव्हा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमच नव्हता. तो १९८२ साली आला, जिल्हा पातळीवरचा तर १९९६ साली. पण आमच्या मते उशीर हे एकच कारण नव्हे. भूकंपाचे दुःख साऱ्या गावाचे, ते पारावर बसून सांगता येते. जातीपायी ज्याचे घर जळाले त्याने भीती सांगायची कोणाला? जाळणारे त्याच गावात राहतात आणि सकाळी त्यांच्याच शेतात रोजाने जायचे असते. मग ती भीती आत मुरते. छातीत धडधड, डोकेदुखी, रात्री दचकून उठणे, दारू, अशा रूपांनी ती बाहेर पडते. दवाखान्याच्या दारातही ती सोबत असते : आडनाव विचारतील, हसतील, गावभर होईल.

म्हणून कायदा माहीत असावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क ठरविला. जात-धर्मावरून भेदभाव करता येत नाही, रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते, आणि त्याला साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावे ऐकूनच माणसे घाबरतात. बहुतेकांना तिथे जाण्याची गरजच नसते. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढावा, बाह्यरुग्ण विभागात दाखवावे, घरी यावे. जाणे जमत नसेल तर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे न सोडता तिथेच फोन लावावा.

पहिल्या खेपेला घरचे कोणीतरी सोबत जावे. झोप किती, जेवण किती, हे केव्हापासून, ते कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांपुढे बसल्यावर आठवत नाही. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत.