दोघांची फाईल

शापोरा नदीकाठच्या हळर्णहून एक जोडपे माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) लग्नाला चार वर्षे झाली होती, मूल नव्हते. तिच्या मांडीवर जाडजूड फाईल. तीन सोनोग्राफ्या, हॉर्मोन्सचे रिपोर्ट, गर्भनलिकांचा एक्स-रे. देवाला घातलेली गाऱ्हाणी आणि बोललेले नवस निराळेच. त्या फाईलमध्ये त्याच्या नावाचा एकही कागद नव्हता.

"दोतोर, माका कांय जावंक ना. तिका पळयात," तो म्हणाला.

मी आधी त्याचाच दंड पुढे करायला सांगितला. रक्तदाब 150 वर 100. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, साखर 268. वय 34. वर्षभर रात्री तीन-चारदा लघवीला उठत होता, अंगात त्राण नव्हते. विमानतळावरच्या रात्रपाळीमुळे असेल, असे त्याने धरून ठेवले होते. मूल होत नाही म्हणून तो दवाखान्याची पायरी चढला नसता, तर हा मधुमेह आणखी किती वर्षे पोसला गेला असता कोण जाणे.

गोव्यात ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4 टक्के निघाले, सर्व राज्यांत सर्वाधिक. पण तिशीतला माणूस आपणहून साखर तपासत नाही. पेडण्या-डिचोलीकडचे तरुण आयुष्यात पहिल्यांदा नीट तपासले जातात ते बऱ्याचदा मूल होत नाही म्हणून. माझे म्हणणे एवढेच आहे की ती तपासणी फक्त मुलासाठी समजू नका. शरीराने लवकर दिलेली ती वर्दी असू शकते.

पुरुषांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. म्हणजे आजच्या वीर्यतपासणीत गेल्या अडीच-तीन महिन्यांतले तुमचे जगणे उमटलेले असते: ताप, दारू, तंबाखू, अपुरी झोप, वाढलेली साखर. अंडकोश शरीराबाहेर लोंबतात ते त्यांना दोन-तीन अंश गारवा हवा असतो म्हणून. काजूच्या हंगामात भट्टीपुढे दिवस काढणारे आणि तासन्‌तास ट्रकच्या तापलेल्या सीटवर बसणारे यांनी हे ध्यानात ठेवावे. जिममध्ये कोणी पिळदार अंगासाठी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले, तर साफ नकार द्या. बाहेरून हे हॉर्मोन मिळाले की मेंदू अंडकोशांना काम थांबवायचा निरोप देतो आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. पुरुषत्व वाढेल म्हणून ते टोचून घेतलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना हे सांगताना जीव तुटतो.

2025 साली डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोपनहेगनमध्ये वीर्यतपासणी झालेल्या 78 हजारांहून अधिक पुरुषांची पुढची माहिती 50 वर्षांपर्यंत पाहिली गेली. ज्यांच्या वीर्यात हालचाल करणारे शुक्राणू भरपूर होते, ते अगदी कमी असलेल्यांपेक्षा सरासरी दोन-पावणेतीन वर्षे जास्त जगले. शुक्राणू कमी म्हणून माणूस लवकर जातो, असा याचा अर्थ नाही. एकाच मुळातून दोन्ही गोष्टी येत असाव्यात. लिंगाच्या ताठरतेचेही असेच आहे. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असल्याने चरबीचा थर आधी तिथे जाणवतो. चाळिशीच्या आत ही तक्रार सुरू झाली, तर लाजेपायी दुकानातून गोळी घेऊन गप्प बसू नका. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. हृदयाचा त्रास पुढे कधीतरी व्हायचा असेल, तर तो टाळायला आता वेळ हाती आहे.

बायकांच्या बाबतीत तर दर महिन्याला वर्दी येते. अमेरिकेतल्या स्त्रीरोग व बालरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2006 सालीच सांगितले की मुलींच्या पाळीकडे नाडी, ताप आणि रक्तदाब यांच्याच पंक्तीत बसवून पाहावे. प्रौढ स्त्रीची पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी येते. ती दोन-दोन महिने चुकत असेल, सोबत वजन वाढत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसचा (अंडाशय आणि हॉर्मोन्सच्या बिघाडाचा) विचार करावा लागतो. "लग्न झाले की सगळे सुरळीत होईल" हा सल्ला कृपया कोणत्याही मुलीला देऊ नका. पीसीओएसमध्ये बहुधा इन्शुलिनचे काम बिघडलेले असते, म्हणून पुढे मधुमेहाची भीती राहते. पाळी फार दिवस आलीच नाही, तर गर्भाशयाचे अस्तरही जाड होत जाते. वजन जास्त असेल, तर ते पाच-सात टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी नियमित होते. याशिवाय थायरॉइड आणि रक्तक्षय पाहावा. अंथरुणाला खिळवणारे पाळीचे दुखणे हे बाईच्या जातीचे भोग नव्हेत, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो. आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षयरोगही विसरून चालत नाही. खोकला नाही, ताप नाही, तरी तो आत बसलेला असतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर या लेखाने कोणाला तरी उगाच टोचणी लागेल. अगदी निरोगी जोडप्यालाही कधी मूल होत नाही, आणि कधी सगळे रिपोर्ट चांगले येऊनही कारण सापडत नाही. उलट चार मुलांच्या बापालाही मधुमेह असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. ते पाप नाही, शिक्षाही नाही. 'वांझ' हा शब्द घरात कोणी उच्चारला, तर तिथल्या तिथे अडवा. गोव्यात मुले कमी जन्मतात (पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे 1.3), पण त्यामागे बरेचदा जोडप्यांची निवड असते. त्या आकड्यावरून कोणाच्या प्रकृतीचा निष्कर्ष काढू नये.

आता करायचे काय? पत्नीचे वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांना भेटा. पाळीच येत नसेल, तर वाट पाहूच नका. जाल ते दोघे जा. साखर, रक्तदाब, वजन आणि हिमोग्लोबिन कासारवर्णेच्या आरोग्य केंद्रातही पाहता येते. वीर्यतपासणी दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर करतात, आणि नमुना तासाभरात तपासावा लागतो. तेव्हा हळर्णहून बाटली घेऊन म्हापशाची बस धरू नका, प्रयोगशाळेतच द्या. एक रिपोर्ट वाईट आला तर घाबरू नका, दुसऱ्यांदा करून घ्या. मूल हवे असेल तर स्त्रीने आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात आल्यावरच दिवस राहिलेले बरे, कारण बाळाचे हृदय आणि मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. पुढच्या उपचारांची गरज पडली, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) 2023 पासून आयव्हीएफची सोय मोफत आहे. पैशांपायी कोणी शेत गहाण टाकू नये.

त्या जोडप्याचे सांगतो. गोळ्या सुरू झाल्या, रात्री ड्युटीवरची कोल्ड्रिंकची बाटली सुटली, सकाळी घरी आल्यावर पाव-भाजीऐवजी उकड्या तांदळाची पेज आणि अळसांदे आले. तीन महिन्यांनी साखर बरीच उतरली, शुक्राणूंची हालचालही सुधारली. मूल अजून नाही. तिच्या तपासण्या मी पुन्हा केल्या नाहीत, त्यांची गरजच नव्हती. गेल्या खेपेला तो थोरल्या भावालाही घेऊन आला. भावाला दोन मुलगे आहेत. त्याची साखर पाहायची होती.