वार मोडू नका: पांढुर्णा-सौंसरच्या त्रिकोणात बारा महिने सायकल

लांब पल्ल्याची सायकल अंगात मुरवायची असेल तर दर आठवड्याला नवा रस्ता शोधू नका. एक रस्ता धरा, एक वार धरा आणि बारा महिने त्याच वाटेने जात राहा. रस्ता तोच राहिला की बदललेलं काय ते लख्ख कळतं: वारा फिरला, ऊन चढलं, पाय तयार झाले किंवा आदल्या रात्रीची झोप कमी पडली. ऋतू आडवा आला तरी वार मोडायचा नाही, निघायची वेळ आणि अंतर तेवढं बदलायचं. नागपूर, काटोल, नरखेड, सावनेर भागातल्या सायकलवाल्यांना यासाठी पांढुर्णा आणि सौंसरसारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघाले आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला नवा जिल्हा झाला. सरकारी पाट्या हिंदीत असल्या तरी टपरीवर, शेतात, पारावर मराठीच चालते. पंक्चर काढताना मदत मागायची असो वा नाल्याचं पाणी विचारायचं असो, आपल्या माणसाला इथे परकेपणा वाटत नाही.

सावनेर हे या भटकंतीचं नाकं. इथे रस्ता फुटतो. एक राष्ट्रीय महामार्ग 47 केळवद, बडचिचोलीवरून पांढुर्ण्याला आणि पुढे मुलताई-बैतूलला जातो. दुसरा 547 बोरगाववरून सौंसरला आणि पुढे छिंदवाड्याला. पांढुर्णा आणि सौंसर एकमेकांना जोडणारा आडवा रस्ता धरला की त्रिकोण पुरा होतो. सावनेर ते सावनेर हा फेरा साधारण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा. नागपूरहून निघून नागपूरला परतलात तर दोनशेच्या आसपास. हा आकडा महत्त्वाचा, कारण लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या फेरीची, पहिली पायरी 200 किलोमीटरची असते आणि ती साडेतेरा तासांत पुरी करायची असते. पुढे 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. एका हंगामात या चारही पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. त्रिकोणाचा फेरा वर्षभर पायाखाली असेल तर पहिल्या ब्रेव्हेची भीती राहत नाही. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत वाळवंटही लागतं आणि डोंगरही. इतक्या लांब जाण्याचा विचार नसला तरी, वैदर्भी हवेत सायकल चालवणाऱ्याने स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

आता दिशा. सावनेरहून आधी सौंसर, मग पांढुर्णा, मग परत सावनेर, उलटं नको. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि ऊन चढलं की जोर धरतो. सौंसर-पांढुर्णा हा पश्चिमेकडे जाणारा टप्पा सकाळी वारा पडलेला असतानाच उरकून घ्यायचा, म्हणजे थकल्यावर पांढुर्ण्याहून सावनेरला येताना वारा पाठीशी राहतो. दुसरं कारण सुरक्षेचं. सकाळी पूर्वेकडे तोंड करून चालवलं तर सूर्य तुमच्या डोळ्यांत येतो, तसाच तो तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत येतो आणि त्याला तुम्ही दिसतच नाही. या दिशेने गेल्यावर सूर्य पाठीवर राहतो. जाम नदी पांढुर्ण्याकडून सौंसरकडे वाहत येऊन कन्हानला मिळते. म्हणजे या टप्प्यात तुम्ही नदीच्या उलट, हळूहळू चढत जाता. चढ अंगावर येत नाही, पण गियर एक-दोन दात हलकाच ठेवा.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण याच चार महिन्यांत बहुतेक लोक सायकल भिंतीला लावून ठेवतात आणि वर्षाची घडी विसकटते. मृग बरसला की पहिले दोन आठवडे सर्वांत निसरडे. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते. टायरमधली हवा थोडी कमी करा, वळणावर ब्रेक दाबू नका, वळणाआधी दाबा. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरची काळी माती रस्त्यावर पडते, ती ओली झाली की साबणासारखी. त्यात चाक गेलं तर हँडल सरळ ठेवून पॅडल न मारता पार व्हा. ही माती मडगार्ड आणि टायरच्या फटीत अशी बसते की चाकच फिरेनासं होतं. एक बोथट काडी किंवा जुना टूथब्रश सोबत असू द्या.

झड लागली की दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. झडीत सायकल चालवायला हरकत नाही. पाऊस संथ असतो, वारा मध्यम. धोका असतो तो नाल्यांवरच्या रपट्यांचा, म्हणजे ठेंगण्या पुलांचा. महामार्गांवर उंच पूल आहेत, पण आतल्या रस्त्यांवर, मोहगाव हवेलीच्या अर्धनारीश्वराकडे किंवा आडगावांत शिरलात की रपटे लागतात. रपट्यावर पाणी असेल तर आधी त्याचा रंग आणि त्यावर काय तरंगतंय ते पाहा. गढूळ पाण्यावर काडीकचरा, पालापाचोळा, फेस वाहत येत असेल तर वर कुठेतरी जोराचा पाऊस आहे आणि पाणी चढतं आहे. कडेचे दगड दिसत नसतील तर रपट्याची कडही दिसत नाही आणि खालचा डांबराचा थर जागेवर आहे की खचून वाहून गेला आहे हेही कळत नाही. काठावर कुणीतरी उभं असतंच. त्याला विचारा, "भाऊ, पाणी चढून राह्यलं का उतरून राह्यलं?" तो सांगेल तेच प्रमाण. घोट्याच्या वर वाहतं पाणी असेल तर सायकल खांद्यावर घेऊनही उतरू नका. टपरीवर बसा, तासाभरात उतरलं नाही तर मागे फिरा.

विजेचं गणित सोपं आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या छताखाली जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली थांबणं सर्वांत वाईट. इथे मोकळ्या रानात मोठं झाड दिसलं की माणूस आपसूक तिकडे वळतो, म्हणून मुद्दाम सांगतो. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. नागपूरच्या हवामान केंद्राच्या डॉप्लर रडारचं चित्र निघण्यापूर्वी पाहायची सवय लावा. महाराष्ट्राच्या अंदाजात तुमच्या वाटेतला फक्त विदर्भ दिसतो. तुम्ही मध्य प्रदेशात जाताय, त्यामुळे तिकडचाही अंदाज बघा.

पोळ्याच्या दिवशी रस्त्यावर सजवलेले बैल असतात. घंटी न वाजवता, उतरून चालत जा. दुसऱ्या दिवशी मात्र पांढुर्ण्याला सायकल नेऊच नका. त्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावच्या लोकांमध्ये गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते, दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, गावात पोलिसांचा मोठा बंदोबस्त असतो. हा बघायला जायचा तमाशा नव्हे. त्या आठवड्यात सौंसरपर्यंत जाऊन परत या. सौंसरजवळच्या जामसावळीला मंगळवार-शनिवारी गर्दी असते. पिंपळाखालचा निजलेला मारुती शांतपणे पाहायचा असेल तर मधला वार निवडा.

पावसाळा सरता सरता ऑक्टोबरमध्ये एक वेगळाच अडथळा येतो. सोयाबीन कापणीला आलं की काही जण पीक रस्त्यावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी ते मळलं जावं म्हणून. कुटाराखालचे गोल दाणे छर्ऱ्यांसारखे घसरतात आणि चेनमध्ये काड्या गुंततात. तिथे उतरा. शेतकऱ्याशी हुज्जत घालू नका, त्याचं वर्ष त्या ढिगात असतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पूर्ण त्रिकोणाचा काळ. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून तोडणीला येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे हिवाळाभर वाटेत कुठे ना कुठे ताजं संत्रं मिळतंच. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात दहा-बारा ग्रॅम साखर असते, पाणी असतं, पोटाला जड पडत नाही. दर तासाला एक संत्रं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे, एवढ्यावर पन्नास किलोमीटर आरामात निघतात. विकतचं जेल घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण या रस्त्यावर त्याची गरज मला दिसत नाही. सावनेरात तर्री-पोहे खायचे तर परतताना खा. निघताना तर्री पोटात घेऊन चढाला लागू नका.

जानेवारी-फेब्रुवारीत बागा फुलावर येतात. शेतकरी आधी पाणी तोडून झाडांना ताण देतो आणि मग पाणी सोडतो, तेव्हा पांढरी, मेणासारखी जाड पाकळ्यांची फुलं फुटतात. सूर्य उगवण्याआधी हवा थंड आणि स्तब्ध असताना तो वास रस्त्यावर खाली साचून राहतो. खोलगट भागात शिरलात की एकदम दाट होतो, चढावर आलात की विरळ. मोटारीच्या काचेआड हे कुणाला कळत नाही. त्याच महिन्यांत गारपीटही होते. पश्चिमेला ढग हिरवट-काळे दिसू लागले तर हेल्मेट काढू नका आणि छत शोधा.

थंडीचं सांगायचं तर नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशांवर उतरला होता. इतकी थंडी नेहमीची नव्हे, पण सात-आठ अंशांची पहाट दरवर्षी येते आणि धावत्या सायकलवर ती आणखी बोचते. हातमोजे, कान झाकणारी टोपी आणि छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राचा एक जाड थर पुरेसा असतो. जानेवारीत सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. धुकं असेल तर तो वर येईपर्यंत थांबा. पहाटे कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या बिनदिव्याच्या चालतात आणि बाजूला पसरलेल्या भाराचा अंदाज येत नाही. पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल आणि अंगावर चमकपट्ट्यांचं जाकीट घाला. चौपदरी महामार्गावर डाव्या कडेने जातानाही समोरून राँग साइडने येणारी मोटरसायकल गृहीत धरा.

पायांत बळ आलं असेल तर हिवाळ्यात एकदा मुलताई करा. पांढुर्ण्यापासून साधारण चाळीस किलोमीटर आणि अडीचशे मीटरहून जास्त चढ. वर तापीचं उगमस्थान. रेल्वेलाही याच बाजूला तिगाव-चिचोंडा घाट चढावा लागतो. सौंसरच्या बाजूने छिंदवाड्याकडे गेलात तर रामाकोन्यापुढे सिल्लेवानीचा घाट आहे. दोन्हीकडे उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आळीपाळीने वापरा.

मार्चपासून अंतर उतरवत न्या. मेमध्ये पहाटे चारला निघा आणि साडेआठला घरात असा. साठ किलोमीटर पुरे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास सुरू होतो. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते, अशा उन्हात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही. या दिवसांत त्रिकोण सोडून सावनेर-सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या आसपास एवढंच करा. दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. मानेवर ओला दुपट्टा. घरी आल्यावर ताक किंवा कैरीचं पन्हं. डोकं दुखू लागलं, बोलणं अडखळू लागलं, घाम थांबून कातडी तापली तर ते ऊन लागणं आहे. सावलीत झोपवा, कपडे भिजवा, वारा घाला आणि 112 ला फोन करा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

सामानात दोन ट्यूब, ठिगळं, लिव्हर, हातपंप. शेतकुंपणाची छाटणी झाली की बाभळीचे काटे रस्त्यावर येतात. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपाची हवा भरायला पितळी अडॅप्टर लागतो. गियरच्या सायकलचे सुटे भाग नागपूरहूनच घेऊन निघा. पावसातून आल्यावर त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल द्या, दुसऱ्या दिवशी गंज धरलेला असतो.

पहिल्यांदा येणाऱ्याने पूर्ण त्रिकोणाचा हट्ट धरू नये. दिवाळीनंतरचा एखादा रविवार निवडा. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी मुख्य मार्गावरचं स्टेशन आहे, तर सौंसर, लोधीखेडा, केळोद ही नागपूर-छिंदवाडा मार्गावरची. गाड्या किती वाजता आहेत, सायकल कोणत्या डब्यात चढवता येईल हे आधी विचारून घ्या. पांढुर्ण्याला उतरा, सौंसरपर्यंत नदीच्या उताराने या आणि तिथून रेल्वेने किंवा चाकांवर परता. एवढ्या एका वेळेपुरती दिशा उलटी चालेल. सूर्य चांगला वर आल्यावर निघा. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा जा.