तुंबलेलं नाक आणि पुडीतली गोळी

सख्यांनो, दिवाळी सरून थंडी पडू लागली की आपल्या बैठकीत हिशोबापेक्षा शिंकाच जास्त ऐकू येतात. कोणी कपाळाला बाम चोळते, कोणी म्हणते, "काही नाही ना बाई, मले सायनस हाय." खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागे खोल, अशा या पोकळ खोल्यांच्या चार जोड्या. त्यांत पातळ शेंबूड तयार होतो आणि बारीक छिद्रांतून नाकात उतरतो. नाकाला आतून सूज आली की छिद्रं बंद होतात, नाली तुंबावी तसं पाणी साचतं, घट्ट होतं. मग डोकं जड, गाल दुखतात, वास येत नाही, घशात मागून शेंबूड उतरत राहतो. हे 12 आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टर त्याला जुनाट सायनसचा आजार म्हणतात.

सूज का येते? कोणाला ॲलर्जी, कोणाच्या नाकाचा पडदा वाकडा, कोणाच्या नाकात मऊ कोंब वाढलेले. चुलीचा धूर आणि सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ सूज वाढवतात. जरीपटक्यात राहणाऱ्या ताईंना कामठी रोडचा धूर आहेच. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते: वरची किडलेली दाढ. एकाच बाजूचं नाक वाहतं आणि घाण वास येतो, तर आधी दात दाखवा.

आता पुडीची गोष्ट. सर्दी हटत नाही म्हणून कागदात बांधलेल्या तीन-चार सुट्या गोळ्या मिळतात. एका दिवसात नाक मोकळं, अंगात ताकद, भूकही लागते. "लय भारी दवाई" म्हणून तीच पुडी शेजारणीलाही जाते. अशा जादूच्या पुडीत बरेचदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. हीच स्टेरॉईड.

स्टेरॉईड म्हणजे विष नाही, हेही सांगते. आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज असंच द्रव्य बनवतात. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सांधेदुखीने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत उठून चालू लागली. 1950 मध्ये या कामाला नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसायला लागली होती. गोळ्या फार दिवस घेतल्या की साखर आणि बीपी वाढतं, चेहरा गोल फुगतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, जंतूंशी लढायची ताकद कमी होते. बाहेरून आयतं मिळतं म्हणून त्या ग्रंथी काम सोडतात. म्हणूनच महिनोन् महिने गोळी घेणाऱ्या बाईने हा लेख वाचून ती एकदम बंद करायची नाही! चक्कर, उलट्या, बीपी पडणं असं जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

2021 आठवते ना? कोरोनात ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांचे जीव डेक्सामेथासोनने वाचवले. ठरलेली मात्रा होती दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. पण गरज नसताना, जास्त मात्रेत घेतलं आणि त्यात साखर वाढलेली, तिथे काळी बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरली आणि तिथून डोळ्याकडे, मेंदूकडे गेली. नागपुरात हे रुग्ण खूप होते. कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले.

मग नाकात मारायचा स्टेरॉईडचा स्प्रे? तो वेगळा. औषध थोडं असतं, नाकातच काम करतं, अंगात फार कमी जातं. जुनाट आजारात डॉक्टर तोच आधी देतात. मान थोडी खाली, स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या बाजूला. असर दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून "फायदाच नाही" म्हणत चौथ्या दिवशी फेकू नका. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांच्या वर नकोत, नंतर नाक उलट जास्तच बंद होतं.

सगळ्यात स्वस्त उपाय घरातच आहे. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. ओट्यावर वाकून एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून काढायचं, तोंडाने श्वास घ्यायचा. हीच आपली जलनेती. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात घालू नका, त्यातले जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतात. वाफ घ्यायची तर पातेलं जमिनीवर आणि लेकरं दूर.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, असह्य डोकेदुखी, मान आखडणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. जरीपटक्याहून मेयो जवळ पडतं, दक्षिणेकडच्यांना मेडिकल. पैशासाठी थांबू नका, गटाचं अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी आहे. कान-नाक-घसा विभागात नाव काढा. साखर असेल तर आधी सांगा. आणि पुडी उरली असेल तर ती सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.