उसने गाणे, चोरलेले गाणे : ‘बेगम बर्वे’ आणि रॉक-संगीतिका

दुय्यम ठिकाणी कार्यक्रम करून कसेबसे तग धरणारा रॉक-वाद्यवृंद आणि त्याची उपेक्षित गायिका हा विषय इंग्रजी रंगभूमीवर ‘हेडविग अँड द अँग्री इंच’ या संगीतिकेने हाताळला. जॉन कॅमेरॉन मिचेल यांची संहिता आणि स्टीफन ट्रास्क यांची गीते व संगीत असलेली ही कृती १९९८ साली न्यूयॉर्क येथे प्रथम रंगमंचावर आली. मराठीत या विषयाच्या सर्वांत निकट जाणारे नाटक म्हणजे सतीश आळेकर यांचे ‘बेगम बर्वे’ (१९७९) होय. या दोन कृतींत परस्परप्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र कलावंताचे दैन्य आणि गाण्याची मालकी यांचा संबंध दोन परंपरांत किती भिन्न रीतीने कल्पिला जातो, हे त्यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

हेडविग ही पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेली गायिका. तिचा पूर्वीचा प्रियकर टॉमी तिची गाणी स्वतःच्या नावावर खपवून विख्यात झाला आहे. संपूर्ण प्रयोग म्हणजे तिचा संगीतकार्यक्रमच असतो. प्रेक्षक हे तिचे श्रोते असतात. येथे गाणे आत्मकथन आहे, म्हणूनच त्याची चोरी ही जीवनाचीच चोरी ठरते.

बर्वे याचे दैन्य याहून मूलगामी आहे. संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात किरकोळ स्त्रीभूमिका करणारा हा नट आता उदबत्त्या विकतो आणि श्यामरावाच्या जाचाखाली दिवस कंठतो. त्याच्या ओठांवर नाट्यपदे आहेत. पण ती त्याची नाहीत. तो ज्या भूमिकांची स्वप्ने पाहतो, त्याही त्याच्या वाट्याला कधी आल्या नव्हत्या. हेडविगजवळून काहीतरी हिरावले गेले. बर्व्याजवळ हिरावण्याजोगे काही नव्हतेच. तो उसन्या वैभवाच्या आठवणीवर जगतो.

हा भेद केवळ दोन पात्रांचा नसून दोन संगीतपरंपरांचा आहे. रॉक-संगीतात गायकाने स्वतःचे गाणे गाणे हे सच्चेपणाचे गमक मानले जाते. उलट, नाट्यसंगीतात पद हा वारसा असतो. ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) वाढत गेलेल्या या परंपरेत गायक-नटाचे मोठेपण पद रचण्यात नव्हे, तर ते खुलविण्यात मानले गेले. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) गायकी प्रमाण ठरल्यावर इतरांच्या वाट्याला अनुकरण आले. अशा व्यवस्थेत कोपऱ्यातील नटाला स्वतःचा आवाज सापडणे दुष्कर होते.

दोन्ही नाटकांचे शेवट याच भेदातून निष्पन्न होतात. हेडविग अखेरीस विग व वेश उतरवून मुक्त होते. ‘बेगम बर्वे’त जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून बर्व्याच्या स्वप्नात ओढले जातात; त्यांच्या कचेरीतील नलावडेबाईंचे रूप बर्वे धारण करतो; विवाह, गरोदरपण असा संसार उभा राहतो आणि श्यामरावाच्या आगमनाने तो मोडतो. वेश उतरविल्यावर हेडविगजवळ स्वत्व उरते; बर्व्याजवळ मात्र उदबत्त्याच उरतात.

मराठी रंगभूमीला रॉकचा परिचय नव्हता, म्हणून आळेकर नाट्यपदांकडे वळले, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. ‘बेगम बर्वे’ ज्या थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणले, त्याच संस्थेने आदल्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ सादर केला होता. जब्बार पटेल दिग्दर्शित त्या प्रयोगात रॉक-गायक नंदू भेंडे यांची प्रमुख भूमिका होती. नाट्यपदांची निवड ही अज्ञानातून आलेली नसून आशयाची गरज होती.

पिंपरी ते देहूरोड या पट्ट्यातील महाविद्यालयात हे नाटक अभ्यासताना एक तिसरी शक्यताही विचारात घ्यावी लागते. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. या परिसराच्या स्मृतीत आंबेडकरी जलसा आणि भीमगीते यांना स्थान आहे. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेतल्या, पण त्यांत शब्द स्वतःचे घातले. तेथेही चाल उसनी होती आणि कलावंत निर्धन होता. तरीही गाणे त्याचे व त्याच्या समाजाचे झाले. दैन्य किंवा उसनवारी यांमुळेच बर्व्याची शोकांतिका घडते, असे म्हणूनच मानता येत नाही. ज्या वैभवाची गाणी तो गातो, त्या वैभवाने त्याला कधी आपला मानलेच नाही आणि नवे शब्द घालण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे त्याला कधी सुचले नाही.

‘बेगम बर्वे’कडे संगीत रंगभूमीला वाहिलेली हळवी आदरांजली म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. या तुलनेच्या प्रकाशात ती अपुरी ठरते. नाटकातील पदे श्रवणीय आहेत आणि प्रेक्षकही त्यांत रमतो. परंतु त्या रमण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आळेकर त्याच पदांमधून विचारतात.