मोठ्या अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांची ओढ : तुलना कशी करावी?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कापूस व मका यांची पिके निघाली की नांगरटीची लगबग सुरू होते. गोदाकाठच्या पैठण, गंगापूर व वैजापूर तालुक्यांत खोल, काळी व भारी जमीन आढळते, तर कन्नड व सोयगाव भागातील डोंगरउतारांवर हलकी, मुरमाड जमीन असते. जमिनीत असा फरक असूनही ट्रॅक्टर खरेदी करताना दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारला जातो : "किती अश्वशक्तीचा?" पंचेचाळीसपेक्षा पंचावन्न चांगला आणि पंचावन्नपेक्षा साठ अधिक चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र कर्ज काढून मोठा ट्रॅक्टर आणल्यावर तोच दोन फाळी नांगर पूर्वीच्याच जागी अडावा आणि मागची चाके जागच्या जागी फिरावीत, असाही अनुभव येतो. हा दोष दर वेळी यंत्राचाच असतो असे नाही. पुष्कळदा निवडीची कसोटीच चुकलेली असते.

बैल घेताना शेतकरी दात पाहतो, चाल पाहतो आणि जुंपूनही पाहतो. ट्रॅक्टरच्या बाबतीतही हीच रीत हवी. त्यासाठी काही गोष्टी समजून घेणे अवश्य आहे.

अश्वशक्ती आणि ओढ

ओढ आणि शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्र किती किलो जोराने ओढते ती ओढ होय. ती ओढ कोणत्या वेगाने चालू राहते, हे शक्तीवरून कळते. हिशेब सोपा आहे : ओढ (किलो) गुणिले वेग (ताशी किलोमीटर) भागिले २७० म्हणजे ओढीची अश्वशक्ती.

बैलांची एक चांगली जोडी ताशी ३ किलोमीटर चालीने ९० किलो ओढ देत असेल, तर ९० × ३ ÷ २७० म्हणजे बरोबर १ अश्वशक्ती होते. ट्रॅक्टरने ताशी ५ किलोमीटर वेगाने ९०० किलो ओढ दिली, तर ती सुमारे १६.७ अश्वशक्ती भरते. यंत्रावर मात्र पन्नास हा आकडा लिहिलेला असतो. मग उरलेली शक्ती जाते कोठे?

काही शक्ती दंतचक्रांच्या घर्षणात, काही टायर जमिनीत दबण्यात आणि काही चाके घसरण्यात खर्च होते. त्यामुळे पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनातून घट्ट जमिनीवर ओढीसाठी साधारणपणे तीस ते पस्तीस अश्वशक्तीच हाती येते व भुसभुशीत जमिनीत त्याहूनही कमी. शिवाय ही शक्तीदेखील पुरेसा वेग असेल तरच वापरता येते. नांगर सावकाश ओढत असता इंजिनाची बरीच शक्ती वापरावाचून राहते.

पकड चाकांची आणि जमिनीची

सावकाश चालीत ट्रॅक्टरची ओढ बहुधा इंजिन थांबवीत नाही, चाकांची घसरण थांबविते. ओढणाऱ्या चाकांवर जितके वजन असेल, त्याचा ठराविक हिस्साच ओढ म्हणून मिळतो. घट्ट जमिनीत हा हिस्सा निम्म्याच्या आसपास धरावा. भुसभुशीत जमिनीत तो एक-तृतीयांशापर्यंत उतरतो.

समजा, दोन ट्रॅक्टर आहेत, एक ४५ व दुसरा ६० अश्वशक्तीचा. दोघांनाही मागची दोनच चाके ओढ देतात, दोघांचे वजन २,२०० किलो आहे आणि काम करताना मागच्या चाकांवर १,७०० किलो भार येतो. निम्मा हिस्सा धरल्यास दोघांचीही ओढ ८५० किलो भरते. पंधरा अश्वशक्तीच्या वाढीने ओढ एका किलोनेही वाढली नाही. मोठ्या इंजिनामुळे तीच ओढ अधिक वेगाने देता येईल, एवढाच लाभ.

आता चारही चाकांना शक्ती पोचविणारा २,४५० किलो वजनाचा ट्रॅक्टर घ्या. येथे सर्व वजन ओढीच्या कामी येते. निम्म्या हिश्शाने ओढ १,२२५ किलोपर्यंत जाते. इंजिन पहिल्याइतकेच असले तरी हा फरक पडतो. यावरून नांगरटीसाठी अश्वशक्तीच्या बरोबरीने वजन, टायरांचा आकार व ओढणाऱ्या चाकांची संख्या विचारणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट होईल.

नांगर किती मागतो?

नांगराची मागणी कापलेल्या मातीच्या आडव्या-उभ्या मापावर आणि मातीच्या कठीणपणावर अवलंबून असते. तीस सेंटिमीटर रुंदीचे दोन फाळ २५ सेंटिमीटर खोल चालत असतील, तर मातीचा छेद ६० × २५ म्हणजे १,५०० चौरस सेंटिमीटर होतो. वाफशावरील भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो विरोध धरला, तर नांगर ९०० किलो ओढ मागेल. वर सांगितलेले ८५० किलो ओढीचे दोन्ही ट्रॅक्टर येथे अडतील, चार चाकांचा ट्रॅक्टर मात्र निभावून नेईल. जमीन वाळून दगडासारखी झाली की विरोध आणखी वाढतो.

हलक्या जमिनीत २० सेंटिमीटर खोली व ०.४ किलो विरोध धरल्यास मागणी ४८० किलोवर येते. तेथे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहज पुरतो. अशा शेतकऱ्याने केवळ नांगरटीसाठी मोठ्या इंजिनावर अधिक पैसे घालणे हितावह नाही.

मोठ्या अश्वशक्तीचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नव्हे. रोटाव्हेटर, मळणीयंत्र यांसारखी अवजारे मागच्या फिरत्या दांड्यावरून, म्हणजे पी.टी.ओ.वरून शक्ती घेतात. तेथे चाकांच्या पकडीचा प्रश्न गौण असतो. वेगाने नांगरण्यासही शक्ती अधिक लागते. ताशी ७ किलोमीटर वेगाने चालताना नांगराची मागणी समजा १,०५० किलो झाली, तर ओढीचीच २७ अश्वशक्ती हवी. म्हणजे पकड आणि इंजिन या दोहोंचा मेळ बसला पाहिजे.

परीक्षण अहवाल कसा वाचावा?

कंपन्यांच्या दाव्यांची स्वतंत्रपणे पारख व्हावी, ही गरज जुनी आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात शेतकरी व विधिमंडळ सदस्य विल्मॉट क्रोझियर यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदा झाला आणि १९२० पासून तेथील विद्यापीठात ट्रॅक्टरांची परीक्षणे सुरू झाली. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले व १९५९ पासून परीक्षणाचे काम सुरू झाले. तेथील संस्था आज केंद्रीय कृषि यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था म्हणून ओळखली जाते.

अशा अहवालात पुढील नोंदी पाहाव्यात : पी.टी.ओ.वरील कमाल शक्ती, ओढदांड्यावरील कमाल ओढ, त्या वेळचा वेग व चाकांची घसरण, जादा वजन लावून व न लावता मिळालेली ओढ आणि डिझेलचा खर्च. ही ओढ पक्क्या धावपट्टीवर मोजलेली असते. शेतात ती तेवढी मिळणार नाही. तथापि सर्व ट्रॅक्टर सारख्याच पट्टीवर मोजले गेल्यामुळे तुलनेस तो आकडा विश्वासार्ह होय. आकडे किलोन्यूटन व किलोवॅटमध्ये असल्यास १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो ओढ आणि १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती धरावी.

शेतावरील तुलना

गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन ट्रॅक्टरांची तुलना पुढीलप्रमाणे घडवून आणावी.

१. एकाच शेताचे, सारख्या ओलीचे दोन पट्टे आखावेत. नांगर एकच ठेवावा व दहा ठिकाणी खोली मोजून ती सारखी राखावी.

२. जवळच्या वजनकाट्यावर पुढच्या व मागच्या चाकांचे वजन स्वतंत्रपणे करून लिहून ठेवावे. टायरांतील हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे भरावी.

३. मागच्या टायरावर खडूने खूण करावी. प्रथम नांगर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे, मग नांगर जमिनीत घालून दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ४२ मीटर व दुसरे ३६ मीटर आले, तर घसरण ६ ÷ ४२ म्हणजे सुमारे १४ टक्के होय. नांगरटीत ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजावी. त्याहून अधिक असल्यास टायर व डिझेल वाया जाते. फारच कमी असल्यास ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादलेले आहे, असे समजावे.

४. डिझेलची टाकी सपाट जागी काठोकाठ भरून काम सुरू करावे व संपल्यावर मापाने पुन्हा भरावी. वेळ घड्याळावर टिपावी.

समजा, पहिल्या ट्रॅक्टरने २० गुंठे ५० मिनिटांत व ३.६ लिटर डिझेलमध्ये नांगरले, दुसऱ्याने तेवढेच ४० मिनिटांत व ४.५ लिटरमध्ये. एकराला पहिल्यास १०० मिनिटे व ७.२ लिटर लागले, दुसऱ्यास ८० मिनिटे व ९ लिटर. भाड्याने नांगरट करणाऱ्यास हंगामात वेळ मोलाचा, म्हणून तो कदाचित दुसरा पसंत करील. स्वतःचे दहा एकर कसणाऱ्यास पहिलाच परवडेल.

जादा वजन आणि सावधगिरी

घसरण अधिक आढळल्यास नवा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी मागच्या टायरांत पाणी भरून किंवा लोखंडी वजने लावून पाहावे. मोठ्या टायरात दोनशे लिटरांहून अधिक पाणी मावते. वजन पुस्तिकेतील मर्यादेबाहेर नेऊ नये व हलक्या कामाच्या वेळी ते काढावे. ओल्या काळ्या जमिनीत जड ट्रॅक्टर फिरविल्यास खालचा थर दडपून घट्ट होतो व मुळांची वाढ खुंटते. म्हणून वाफसा येईपर्यंत थांबणेच हिताचे.

दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधायचे आणि एकमेकांना ओढावयास लावायचे, अशा चढाओढी कोठे कोठे होतात. यातून अधिक वजनाचा व चांगल्या टायरांचा ट्रॅक्टर कोणता एवढेच कळते. नांगरटीचा वेग किंवा डिझेलचा खर्च यांविषयी काहीच कळत नाही. उलट साखळी तुटून माणसास लागण्याचा, किंवा पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटण्याचा धोका असतो. हा प्रकार कटाक्षाने टाळावा. ओझे ओढताना साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यासच बांधावी. ती वर, मागच्या आसाजवळ बांधल्यासही ट्रॅक्टर मागे उलटतो.

सारांश

ट्रॅक्टर घेण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा प्रकार, नांगरटीची खोली आणि वर्षातील कामाचे क्षेत्र लिहून काढावे. नंतर वजन, टायर, ओढणारी चाके, परीक्षण अहवालातील ओढ आणि एकरी डिझेल या क्रमाने तुलना करावी. अश्वशक्तीचा आकडा या यादीत असावा, परंतु एकटा नसावा. जे इंजिन जमिनीपर्यंत पोचत नाही, त्याचे हप्ते मात्र शेतातूनच फेडावे लागतात.