देवाचा क्रोध शिकविताना

काही वर्षांमागे रविवारच्या शाळेत एका लहान मुलीने आम्हाला विचारले, "माझा भाऊ तापाने गेला. देव आमच्यावर रागावला होता का?" आदल्या रविवारी आम्हीच जलप्रलयाचा पाठ घेतला होता, आणि मुले गडबड करीत होती म्हणून देवाच्या रागाचा धाकही घातला होता. तिला धड उत्तर देणे आम्हाला जमले नाही.

तापट माणसाच्या नाकावर राग असतो असे आपण म्हणतो. इब्री भाषेत तर नाक आणि राग ह्या दोहोंना 'अफ' हा एकच शब्द आहे. निर्गम ३४:६ मध्ये परमेश्वर मोशेला आपली ओळख सांगतो, तेथे मुळात 'लांब नाकाचा' अशा अर्थाचे शब्द आहेत; आपण त्या ठिकाणी 'मंदक्रोध' असे वाचतो. आणि हे केव्हा? लोकांनी सोन्याचे वासरू केल्यावर, पहिल्या पाट्या फुटल्यावर! योनाची तर देवाविरुद्ध हीच तक्रार होती (योना ४:२).

तेव्हा देवाचा क्रोध म्हणजे चिडखोरपणा नव्हे. पण म्हणून तो नाहीच, असे सांगणारे गोड उपदेशही आम्हाला पटत नाहीत. गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकलेले पाहून (आमोस २:६) ज्याला काहीच वाटत नाही, तो प्रीती तरी कसली करणार? वाळलेल्या हाताच्या मनुष्याविषयी ज्यांची मने कठीण झाली होती, त्यांच्याकडे प्रभु येशूने रागाने पाहिले आणि त्याच वेळी तो खिन्नही झाला (मार्क ३:५).

आता रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडावा. १८व्या वचनात देवाचा क्रोध प्रकट होत आहे, असे पौल वर्तमानकाळात लिहितो. न्यायाच्या दिवसाचा क्रोध पुढे आहेच (२:५). पण आज तो कसा दिसतो? वीज पडते, साथ येते, असे पौल म्हणत नाही. देवाने त्यांना 'स्वाधीन केले' असे तो तीनदा म्हणतो (वचने २४, २६ व २८). मनुष्याने देवाला नको म्हटले, आणि देवाने त्याचा हट्ट त्याच्या हाती दिला. लाच पचते, दारूच्या गुत्त्याकडे वळलेल्या पायांना कोणी अडवीत नाही, घरची माणसे रडून रडून गप्प होतात, मंडळीतला मानही शाबूत राहतो. ह्याला आपण नशीब म्हणतो. पौलाला विचारले तर तो निराळे नाव देईल.

तापाने गेलेल्या बाळाचा हिशेब मात्र ह्या अध्यायात बसत नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण अधिक पापी होते काय, ह्याला प्रभूचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे (लूक १३:४, ५). हे आम्ही तिला त्याच दिवशी सांगावयास हवे होते.

'स्वाधीन केले' हे ग्रीक क्रियापद त्याच रूपात रोम. ८:३२ मध्ये पुन्हा येते. तेथे स्वाधीन केलेला आहे तो देवाचा स्वतःचा पुत्र. रागावलेल्या देवाला दुसऱ्या कोणी यज्ञ देऊन शांत केले असे नव्हे. प्रायश्चित्त देवानेच पुढे ठेविले (३:२५).

पुढल्या वर्षी जलप्रलयाचा पाठ आला तेव्हा आम्ही उत्पत्ति ६:६ पासून आरंभ केला. त्या वचनात राग हा शब्दच नाही. देवाच्या मनाला दुःख झाले, असे तेथे आहे. ती मुलगी पहिल्या बाकावर बसली होती.